पत्र्याची होडी

‘प्रोजेक्ट’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? चार जणांचा ग्रुप, त्यातला एक काम करणारा, दुसरा झेरॉक्स काढणारा, तिसरा फक्त व्हायवाला उगवणारा आणि चौथा ‘गाईडला भेटलास का?’ एवढंच विचारणारा. शेवटी सोनेरी अक्षरांचं ब्लॅक बुक, एक पेढ्यांचा बॉक्स आणि मॉडेलची रवानगी लॅबच्या कपाटावर. तिथे ते धूळ खात पडतं. पुढच्या बॅचला त्यातली मोटर काढून घेता येते, हाच काय तो त्याचा समाजोपयोग!

मित्रहो, मी आज ज्या प्रोजेक्टबद्दल लिहिणार आहे त्याला ना गाईड होता, ना मार्क. पण एका वाक्यात सांगायचं तर हे काम कपाटावर गेलं नाही, पाण्यात गेलं. शब्दशः!

आधी माझी ओळख. मी मूळची नाशिकची. शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये, जिथे मराठी बोललं की दोन रुपये दंड व्हायचा. त्यामुळे इंजिनियरिंगला येईपर्यंत माझं मराठी म्हणजे आजीशी फोनवर बोलण्यापुरतं. ‘बो’, ‘स्टर्न’, ‘कील’ हे शब्द गोष्टींच्या पुस्तकांतून मला ठाऊक होते. पण नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक, हे मला विसाव्या वर्षी डोंबिवलीच्या खाडीकिनारी चिखलात उभं राहून कळलं. हा लेख मराठी विभागासाठी लिहायचं धाडस त्या चिखलातूनच आलंय.

तर झालं असं. माझी वर्गमैत्रीण डोंबिवली पश्चिमेच्या मोठागावची. डे-स्कॉलर, म्हणजे आम्हा हॉस्टेलवाल्यांच्या दृष्टीने घरचा डबा आणणारी देवी! तिचे मोठे काका उल्हास खाडीत मासेमारी करतात. पाग टाकतात, चिंबोऱ्या धरतात. काकी ती मासळी घेऊन बाजारात बसतात. काकांची लाकडी होडी होती, त्यांच्या वडिलांच्या वेळची. लाकूड पोखरणारा किडा तळाला लागला होता. दर वर्षी डांबर, राळ आणि माशाचं तेल पाजून ते तिला जगवायचे. मागच्या पावसाळ्यात मात्र तिच्या तळाची फळीच सुटली. किनारा जवळ होता आणि कमरेइतकंच पाणी होतं, म्हणून निभावलं. त्या दिवसापासून काकींनी काकांना खाडीत जायला साफ मनाई केली. काका घरी बसले आणि घरी बसलेला माणूस कसा होतो ते तुम्हाला माहीत आहेच. सुट्टीत आपले वडील आपल्याला तसेच दिसतात!

आता खाडीत बहुतेक नव्या होड्या फायबरच्या असतात. पण नवीन होडीला लागणारे पैसे काकांकडे नव्हते. एप्रिलमध्ये मैत्रिणीच्या भावाला मुंबईत दारूखान्याच्या भंगार बाजारात एक अॅल्युमिनियमची छोटी होडी दिसली. कुठल्यातरी तोडलेल्या जहाजावरची असावी. बारा फूट लांब, साधारण चार फूट रुंद, तळ जवळजवळ सपाट. तिथे होडी म्हणून कोणी विकत नव्हतं, किलोवर विकत होते. वजन भरलं सत्तर किलो. टेम्पोतून ती मोठागावात आली तेव्हा काका बराच वेळ तिच्याभोवती फिरले, बोटाने टकटक वाजवून पाहिलं आणि म्हणाले, “यो तर पत्र्याचा डबा हाय गो बाय!”

मे महिन्याची सुट्टी होती. मेस अर्धी बंद आणि हॉस्टेलवर आम्ही मोजकेच उरलेलो. मैत्रिणीने विचारलं आणि आम्ही तिघे तयार झालो. मी मेकॅनिकलची, एक सिव्हिलवाला आणि एक जळगावकर, ज्याला पोहता येत नाही पण उत्साह दांडगा. होडीवर काम करण्याची आमची सगळ्यांची पहिलीच वेळ.

पहिले दोन दिवस आम्ही काय केलं? अर्थातच व्हिडिओ पाहिले! अमेरिकेत अशा होड्यांचं फार मोठं वेड आहे. त्यामागे इतिहासही आहे. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानं बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीने युद्ध संपताना, १९४५ मध्ये, अॅल्युमिनियमच्या कनू बनवायला सुरुवात केली. विमानाचा पत्रा आणि विमानाचीच रिबिटं, पण गिऱ्हाईक मात्र मासे धरणारा. तेव्हापासून तिथले लोक सुट्टीत जुनी अॅल्युमिनियमची होडी आणतात, तिच्यावर उंच डेक ठोकतात, कार्पेट घालतात, गोल फिरणारी खुर्ची बसवतात, खाली निळे दिवे लावतात. जळगावकर तर दिव्यांच्या किमतीही काढून बसला होता.

आम्ही कागदावर झकास डिझाइन काढलं आणि काका-काकींना दाखवायला गेलो. काकांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, “ह्याच्यात जालं कुठं ठेवू?” खरंच, त्या अमेरिकन होडीत गळ टाकून खुर्चीत बसलेला माणूस असतो. काका तर उभं राहून पाग फेकतात. ओलं जाळं, टोपली, चिंबोऱ्यांचे सापळे, सगळं पायाशी लागतं. ओहोटीच्या वेळी (काका तिला ‘सुकती’ म्हणतात) होडी एकट्याने चिखलावरून ओढावी लागते. कार्पेटमध्ये तो चिखल बसला की महिन्याभरात त्याच्यावर भाजी लावता येईल!

काकी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर न बघता विचारलं, “आनि बुडली तं?”

कोणीच काही बोललं नाही. काकांनी दुसरीकडे पाहिलं. मित्रहो, आमच्या दोन पानी डिझाइनमध्ये या तीन शब्दांचं उत्तर कुठेच नव्हतं. त्याच रात्री हॉस्टेलवर आम्ही निळे दिवे खोडून टाकले आणि यादीच्या वर मोठ्या अक्षरांत लिहिलं : ‘बुडली तर?’

पहिलं काम गळती शोधण्याचं. होडी दोन घोड्यांवर ठेवली आणि आतमध्ये वीतभर पाणी भरलं. होडी पाण्यात ठेवून आत काय येतं ते बघण्यापेक्षा पाणी आत भरून बाहेर काय येतं ते बघणं सोपं. जिथे थेंब दिसेल तिथे मार्करने गोल करायचा. एकूण अकरा गोल झाले. त्यातली सात रिबिटं नुसती सैल होती. आमच्या वर्कशॉपचे मामा (ज्यांनी आपल्या सर्वांकडून पहिल्या वर्षी फिटिंगचा जॉब घासून घेतला आहे तेच) रविवारी मुद्दाम आले. खालून जड लोखंडी ठोकळा धरायचा, वरून हातोडीने नेमके दोन-तीन ठोके. रिबिट पुन्हा घट्ट. चार रिबिटं बदलावी लागली. बाजारात मिळणारं साधं पॉप रिबिट मध्ये पोकळ असतं, ते पाण्याखाली चालत नाही. तिथे भरीवच लागतं. हे मामांनी सांगितलं आणि वर हेही सांगितलं की, “पुस्तकात आहे हे. तुम्ही वाचत नाही.”

मागच्या कोपऱ्यात एक चीर होती. ती एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून आर्गॉन वेल्डिंग करून घेतली. साध्या वेल्डिंगने हे का होत नाही? अॅल्युमिनियम सुमारे ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्यावर जो ऑक्साइडचा पातळ थर असतो तो वितळायला दोन हजार अंशांच्या वर जावं लागतं. म्हणजे साल फुटायच्या आधी आतला गर वाहून जायचा! त्यामुळे आधी तो थर घासून काढायचा आणि मग आर्गॉन वायूच्या आडोशाने, एसी करंटवर वेल्डिंग करायचं, म्हणजे हवा लागून थर पुन्हा जमत नाही.

पण हाच थर अॅल्युमिनियमचं चिलखतही आहे. तो आहे म्हणून ही होडी गंजत नाही. ते चिलखत फोडणारा शत्रू कोण, तर शेजारी! खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियमला तांबं किंवा पितळ चिकटून राहिलं की दोघांची मिळून बॅटरी तयार होते आणि झिजतं ते बिचारं अॅल्युमिनियम. पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्रीत आपण हे पाच मार्कांसाठी पाठ करतो. १८९५ मध्ये अमेरिकेत ‘डिफेंडर’ नावाची शर्यतीची नौका बांधली होती. वजन कमी व्हावं म्हणून वरची बाजू अॅल्युमिनियमची आणि पाण्याखालची ब्राँझची. शर्यत तिने जिंकली, अमेरिकाज कप राखला, पण खाऱ्या पाण्याने तिला अशी खाल्ली की १९०१ मध्ये ती मोडीत काढावी लागली. ती गोष्ट वाचल्यावर आम्ही नियमच केला : होडीत तांबं नाही, पितळ नाही. लोखंडी नांगर प्लास्टिकच्या क्रेटमध्येच राहणार. स्टेनलेसचे बोल्ट लावले, पण प्रत्येकाखाली नायलॉनचा वायसर. तळाला लावायचा रंग घ्यायला गेलो तर दुकानदाराने शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून तांबं असलेला रंग काढून ठेवला. लाकडी होडीसाठी तो ठीक, आम्ही हात जोडून परत केला.

या नियमाला आडवा आला एक पैसा! काकांच्या जुन्या होडीच्या नाळेवर तांब्याचा ढब्बू पैसा ठोकलेला होता, काकींच्या सासऱ्यांनी बसवलेला. होडी मोडली तेव्हा काकींनी तो काढून देवघरात ठेवला होता. तो नव्या होडीत लागलाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आता यांना इलेक्ट्रोकेमिकल सिरीज कोण समजावणार? मी प्रयत्न केला. म्हटलं, “काकी, तांबं आणि हा पत्रा एकत्र नांदत नाहीत. पाणी मध्ये आलं की पत्रा झिजतो.” काकी म्हणाल्या, “मग मधी लाकूड घाल ना.” इतकं सोपं! पुढच्या फळीत आम्ही खाच केली, पैसा बसवला, वर इपॉक्सी ओतलं. तांब्याला पाणीही लागत नाही आणि पत्राही लागत नाही. वेगळं करणं आणि झाकणं, गंज रोखायचे पुस्तकातले दोन उपाय त्यांनी तांदूळ निवडता निवडता सांगितले होते.

मग आला डेकचा प्रश्न. सिव्हिलवाल्याचं मन काही उंच डेकवरून निघत नव्हतं. जाळं खाली ठेवू आणि वर उभं राहू, असा त्याचा मुद्दा. म्हणून गणितच मांडलं. होडी ७० किलो, दोन माणसं १४०, सामान ४०, एकूण २५० किलो. म्हणजे निम्म्याहून जास्त वजन माणसांचंच! ती दोघं ३० सेंटीमीटर वर चढली की सगळ्याचा गुरुत्वमध्य जवळजवळ १७ सेंटीमीटर वर सरकतो. पाग फेकताना माणूस एका कडेला झुकतो, तेव्हा हे सतरा सेंटीमीटर पाण्यात नेऊन टाकू शकतात. दुसरी मजा रुंदीची. होडीची स्थिरता तिच्या रुंदीच्या घनावर चालते. रुंदी १.२ मीटरची १ मीटर केली, तर बाराचा घन १७२८ आणि दहाचा घन १०००. म्हणजे फक्त वीस सेंटीमीटर कमी केले तर रुंदीतून मिळणारी ४२ टक्के स्थिरता गेली! काकांना हे आकडे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “म्हनून तं बापूस सांगायचा, अरुंद होरीत उभा राहू नको.” डेक रद्द झाला. १२ मिलिमीटरच्या मरीन प्लायची जमीन तळाला लागूनच केली, कडा इपॉक्सीने बंद केल्या आणि काका जिथे उभे राहतात ती जागा पूर्ण मोकळी ठेवली.

पत्र्याच्या होडीचे आणखी दोन दोष काकांनी आम्हाला पाण्यात न उतरताच सांगितले होते. एक म्हणजे आवाज. वल्हं आपटलं की ढोल वाजतो आणि बोयांचा थवा पळून जातो. म्हणून प्लायच्या खाली फोमच्या मॅटच्या पट्ट्या घातल्या. या मॅट हॉस्टेलच्या माळ्यावर होत्या, जानेवारीत घेतलेल्या आणि फेब्रुवारीत सोडून दिलेल्या योगासनांच्या! दुसरा दोष वाऱ्याचा. हलकी होडी पाण्यात जेमतेम सहा-सात सेंटीमीटर बुडते, वारा आला की पानासारखी वाहत जाते. काकांचा उपाय वाळूच्या गोणीचा. पण होडीत पाणी भरलं तर तीच गोणी तिला खाली खेचणार.

इथे आपली मेस कामाला आली. मेसमध्ये तेलाचे पंधरा लिटरचे प्लास्टिकचे कॅन येतात. रिकामे कॅन मावशी भंगारात देतात. आम्ही बारा मागून घेतले. (मावशींनी आधी विचारलं, “दारू-बिरू गाळताय का रे?”) दोन कॅन पाण्याने भरून तळाला ठेवले. वाऱ्याला वजन मिळालं. आणि होडी पाण्याने भरलीच तर? पाण्यातल्या पाण्याला वजन नसतं, ते कॅन कोणालाच खाली ओढणार नाहीत. बाकीचे दहा कॅन रिकामे, घट्ट बुच लावून, पट्ट्यांनी बांधून बाकांखाली. तीन-तीन दोन्ही कडांना, दोन पुढे, दोन मागे. कडेला आणि शक्य तेवढे वर, कारण सगळे मध्ये तळाशी ठेवले तर पाणी भरलेली होडी पालथी व्हायला बघते.

आता आर्किमिडीजबाबांचं गणित. दहा कॅनचं दीडशे लिटर, म्हणजे दीडशे किलोचा उचल. सत्तर किलो अॅल्युमिनियम पाण्यात पूर्ण बुडालं तर स्वतःच सव्वीस किलो पाणी बाजूला सारतं, त्यामुळे त्याचं पाण्यातलं वजन उरतं चव्वेचाळीस. नांगर, बोल्ट, कॅनचं स्वतःचं वजन धरूनही जवळपास शंभर किलो शिल्लक. पाण्यात असलेल्या दोन माणसांना धरून राहायला हे पुरेसं आहे. कागदावर उत्तर मिळालं होतं. पण काकींना कागद नको होता.

मध्येच थोडं खाडीबद्दल सांगते, कारण इथे चार वर्षं राहूनही आपण तिच्याकडे लोकलच्या दारातून मुंब्र्याला एकदा बघतो आणि नाक दाबतो, बस्स. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचं बंदर म्हणून नाव आहे. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतलं आणि याच खाडीच्या काठी मराठ्यांच्या आरमाराची जहाजं बांधायला सुरुवात झाली. त्या कामावर पोर्तुगीज कारागीरही होते. दुर्गाडी किल्ला आजही खाडीकडे तोंड करून उभा आहे. म्हणजे बाहेरचं तंत्र आणायचं आणि इथल्या पाण्याला बसेल असं करून घ्यायचं, हे या काठाला नवीन नाही.

आणि हीच खाडी २६ जुलै २००५ ला घरांत शिरली होती. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि उल्हासच्या काठचं बदलापूर-कल्याण पाण्याखाली गेलं. काकांनी तेव्हा त्यांच्या लाकडी होडीतून शेजारची माणसं बाहेर काढली होती. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, तेव्हा हजारावर प्रवाशांना सोडवायला होड्याच लागल्या. काका म्हणतात, “पानी आलं का सगल्यांना होरी आठवते.” आता बुडलेली रेती, एमआयडीसीचं सांडपाणी आणि वरून येणारी जलपर्णी यांतून मार्ग काढत ते जिताडा शोधतात. कधी मिळतो, कधी दिवसभरात फक्त शिंगाळी.

जुलैच्या एका शनिवारी भरतीची वेळ बघून आम्ही परीक्षा ठरवली. भरतीची वेळ काढायचं काकांचं सूत्र तुम्हीही लिहून ठेवा : तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. खाडीत एवढ्या आतपर्यंत यायला तिला आणखी वेळ लागतो, तो वरून मिळवायचा. अॅप उघडायच्या आत त्यांचं उत्तर तयार!

किनाऱ्याजवळ, कमरेइतक्या संथ पाण्यात होडी नेली. सगळ्यांनी लाइफ जॅकेट घातली, जळगावकराने दोन मागितली. आणि आम्ही आमच्या हातांनी, बादल्यांनी, दोन महिने खपून कोरडी केलेली होडी पाण्याने भरायला लागलो. काठावर अर्धं मोठागाव जमलं होतं. “अरे, बुडवायची होती तर बांधली कशाला?” असं एका आजोबांनी विचारलंही. पाणी बाकापर्यंत आलं. मग कडेला आलं. होडी खाली बसत गेली, बसत गेली आणि कडा पाण्याला टेकल्यावर थांबली. थोडी डुलली, पण पालथी झाली नाही. सिव्हिलवाला आणि मी दोन्ही बाजूंनी तिला धरून लोंबकळलो, तरी ती तिथेच.

काठावरून काकींचा आवाज आला, “पोरा हालकी हान. त्यांना बसवा.”

‘त्यांना’ म्हणजे काकांना. काका निमूटपणे आले आणि पाण्याने भरलेल्या होडीत बाकावर बसले. होडी दोन बोटं आणखी खाली गेली आणि थांबली. छातीपर्यंत पाण्यात, चेहरा गंभीर, हात मांडीवर, जणू फोटो काढायला बसलेत. काकी बराच वेळ बघत होत्या. मला वाटलं, आता काही बोलतील, डोळ्यांत पाणी-बिणी येईल. त्या फक्त म्हणाल्या, “बरं. नारली पुनवंला उतरवा.” आणि बाजाराची वेळ झाली म्हणून निघून गेल्या. तोपर्यंत कुठल्याही एक्स्टर्नलने मला इतकं टेन्शन दिलं नव्हतं आणि कोणाच्या ‘बरं’चा इतका आनंदही झाला नव्हता.

नारळी पौर्णिमेला नारळ वाढवून होडी उतरली. रंग पांढरा, कारण गडद रंगाचा पत्रा उन्हात तव्यासारखा तापतो. मासेमारीच्या नौकेची नोंदणी मत्स्यव्यवसाय खात्याकडे करावी लागते, तिचे कागद मैत्रिणीने हिंडून केले. आम्हा मेकॅनिकलवाल्यांपेक्षा ते काम अवघड होतं! खर्चाचं म्हणाल तर भंगाराची किंमत काकांनी दिली आणि बाकीचं सामान आम्ही चौघांनी आणि मैत्रिणीच्या भावाने वाटून घेतलं. मी त्या महिन्यात वडापाव कमी खाल्ले इतकंच.

काका आता आठवड्यातून चार-पाच दिवस जातात. सुकतीला होडी एकटेच चिखलावरून ओढून आणतात. जुन्या होडीला तीन माणसं लागायची. लाइफ जॅकेट आधी बाकाखाली असायचं, आता अंगावर असतं, कारण काकी घरातून निघताना बघतात. त्यांनी होडीत एक सुधारणा आमच्या नकळत केली आहे : वल्ह्याच्या खुंट्याला आम्ही नट-बोल्टचा जो छान जुगाड केला होता तो काढून दोरीचा फास लावलाय. विचारलं तर म्हणाले, “फास तुटला तर पान्यात दुसरा बांधता येतो. तुझा नट पान्यात परला तर कुठं शोधू?” यावर आमच्याकडे उत्तर नाही आणि मेंटेनन्सचं याहून सोपं सूत्र मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

‘पत्र्याचा डबा’ हे तिचं नाव मात्र कायम राहिलं. फक्त आता काका ते दुसऱ्यांना सांगताना थोडे हसतात.

सध्या हॉस्टेलवर फायनल इयरच्या प्रोजेक्टचे विषय ठरतायत. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ‘आयओटी टाकू का एआय टाकू’ अशा चर्चा ऐकू येतात. जरूर टाका! पण ज्याच्यासाठी ते बनवताय तो माणूस खरा आहे ना, कुठल्या गावात राहतो, हे एकदा बघून या. आणि त्याच्या घरात तांदूळ निवडत बसलेलं कोणी असेल, तर डिझाइन आधी त्यांना दाखवा. गाईडची सही नंतर घेतली तरी चालेल.